तिसरा सिलिंडर

"ने ना, खुशाल ने," धाकटा म्हणाला. "मारलास तूच, तेव्हा उचलायचा मानही तुझाच."

व्हरांड्यात बसलेले सगळे हसले. मधली हसली, धाकट्याची बायको हसली, आईसुद्धा चहाचा कप तोंडाशी नेता नेता हसली. काका तेवढे हसले नाहीत. सुतार माणूस, ते खिडकीच्या चौकटीवरून अंगठा फिरवत बसले होते. थोरली या विनोदाला गेली सहा वर्षं हसत आली होती. आज तिला हसू आलं नाही, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. वाटण्यांसाठी भावंडं जमली होती, आणि घर-जमिनीचं बोलणं कुणालाही वाटलं नव्हतं इतक्या गोडीगुलाबीनं सकाळीच उरकलं होतं. मग अवजारांची यादी निघाली. नांगर, फवारणीचा पंप, दोन शिड्या असं वाचत वाचत धाकटा शेवटच्या ओळीवर आला होता, "शेडमधला जुना ट्रॅक्टर, भंगार. रविवारी भंगारवाला येतोय." त्यावर थोरली म्हणाली होती, "तो मला द्या." एवढंच.

"अगं, पण करणार काय तू त्याचं?" मधलीनं विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि घरातही वर्गात विचारावं तसंच विचारायची. "इंजिन जाम आहे ना?"

"मोकळं करीन."

"इंजिनखाऊ इंजिन मोकळं करणार!" धाकट्यानं टाळीसाठी हात पुढे केला. टाळी कुणी दिली नाही, पण हसणं पुन्हा झालं.

इंजिनखाऊ. हे नाव तिला चिकटलं त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी ती बाबांचा उजवा हात होती. बाबा इंजिनाखाली शिरले की वरून कुठला पाना द्यायचा हे त्यांना सांगावं लागत नसे. त्याच हातांच्या जोरावर ती शहरात पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये फिटर झाली. तिथे अख्ख्या पाळीत ती एकटीच बाई होती. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली, आणि हंगामाची शेवटची नांगरट तिनंच केली. बांधाजवळ रेडिएटरचा पाइप गळायला लागला, वाफ आली. तिनं तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, ते गार होऊ दिलं, पाइप आवळला, पाणी भरलं आणि हळूहळू ट्रॅक्टर शेडमध्ये आणला. बाबांना स्वतः सांगितलं. बाबांनी इंजिनावर हात ठेवला, दोनदा चालू-बंद करून ऐकलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. वेळेत थांबलीस."

त्यानंतर धाकट्याचं लग्न झालं. लग्नानंतर आठवड्यात बाबा पायरीवरून घसरले आणि पावसाळाभर पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडून राहिले. प्लॅस्टर निघाल्यावर ते शेडमध्ये गेले, तर इंजिन जाम. धाकटा म्हणाला, "ताईनंच चालवला ना शेवटचा. वाफ काढली होती तिनं." बाबांचा फोन आला. इतक्या तुटकपणे ते तिच्याशी कधीच बोलले नव्हते. "यापुढे शेडमधल्या कशाला हात लावू नकोस," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिनं परत फोन केला, एकेका मिनिटाचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "राहू दे आता." आणि ते राहिलंच.

"रविवारपर्यंत मला वेळ द्या," थोरली आता म्हणाली. "चार दिवस. नाही सुटलं तर घाला भंगारात, मी एक शब्द बोलणार नाही."

"चार दिवस कशाला?" धाकटा उठला. "शेजाऱ्यांची जीप आणतो. टॉप गिअरला टाकू, टोचन लावू आणि खेचू. सुटलं तर सुटलं."

"आणि रॉड वाकला तर?"

"मेलेल्याचा काय रॉड वाकणार?"

"हात लावायचा नाही," थोरली म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. आईनं कप खाली ठेवला. काका खिडकी सोडून तिच्याकडे बघायला लागले, आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा पुन्हा खिडकीकडे वळले.

*

शेडमध्ये ट्रॅक्टरवर सगळ्या घरानं आपापलं नको झालेलं आणून टाकलं होतं. मोडकी खाट, रंगाचे डबे, लहान मुलाची तीनचाकी सायकल. ते उतरवण्यातच बुधवारची दुपार गेली. मग तिनं तिन्ही नोझल काढले, प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सोडलं आणि झिरपायला रात्र दिली. गुरुवारी सकाळी हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट काढायला घेतले.

ते सहज सुटले. पहिल्याला तिला बरं वाटलं, चौथ्याला शंका आली. इतकी वर्षं पडून असलेल्या इंजिनाचे नट असे लोण्यातून सुरी फिरवल्यासारखे निघत नसतात. आट्यांवर ग्रीस होतं. नट लावताना आधी बोटानं ग्रीस लावायची सवय तिला माहीत असलेल्या एकाच माणसाला होती.

हेड जड होतं. तिनं ते शेडच्या वाशाला टांगलेल्या साखळीनं उचललं आणि बाजूला बाकावर ठेवलं. आत वाकून बॅटरीचा उजेड टाकला, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

पहिला सिलिंडर स्वच्छ. दुसरा स्वच्छ. भिंती आरशासारख्या, एक ओरखडा नाही. पाणी संपून तापलेलं इंजिन असं दिसत नाही. तापून बसलेल्या पिस्टनचा धातू भिंतीला फासला जातो, उभे चरे पडतात. ते तिनं पंपहाऊसमध्ये डझनभर वेळा पाहिलं होतं. इथे चरा नव्हताच. तिसऱ्या सिलिंडरमध्ये, सायलेन्सरच्या नळीखाली जो येतो त्यात, पिस्टनच्या कडेनं तपकिरी गंजाचं एक कडं होतं. गंज चढतो तो पाण्यानं. आणि या सिलिंडरमध्ये पाणी यायला एकच वाट होती. वरच्या उघड्या नळीतून.

म्हणजे ट्रॅक्टर पावसात उभा होता. नळीवर डबा न घालता.

तिला सगळ्यात आधी मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. सहा वर्षं! सहा वर्षं तिनं पंपहाऊसमध्ये प्रत्येक इंजिनाचं पाणी तीन-तीनदा तपासलं होतं. सोबतचे फिटर हसायचे. रात्री मध्येच जाग आली की तिला बांधाजवळची ती वाफ दिसायची आणि वाटायचं, खरंच का मी वेळेत थांबले होते? बाबा चुकतील का? स्वतःच्या हातांवरचा विश्वास तिनं या लोकांच्या हसण्यापायी घालवला होता.

तेवढ्यात तिची नजर गॅस्केटवर गेली. हेडखालचा पत्रा. तिनं तो उचलला, उलटा केला. तिन्ही भोकांच्या कडा कोऱ्या होत्या. काजळी नाही, जळल्याचा डाग नाही. या गॅस्केटनं कधी आग पाहिलीच नव्हती.

ती रंगाच्या डब्यावर बसली. इंजिन शेवटचं चाललं त्यानंतर कुणीतरी हेड उघडलं होतं, नवं गॅस्केट घालून पुन्हा बंद केलं होतं, नटांना ग्रीस लावून. तिनं पिस्टनवर साचलेलं बोटानं पुसलं. तिचं कालचं पातळ मिश्रण वर होतं, पण त्याखाली जुनं, घट्ट, काळं तेल होतं. बरंच. कुणीतरी ते मुद्दाम ओतून ठेवलं होतं.

"मधले!" तिनं हाक मारली. "इकडे ये. आत्ताच्या आत्ता."

मधली आली, नाकाला रुमाल लावून वाकली, सगळं ऐकून घेतलं. हुशार होती, एका दमात कळलं तिला. पण सरळ झाल्यावर म्हणाली, "बरं. म्हणजे तुझी चूक नव्हती. पण ताई, आता बाबा नाहीत. काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"तू आता हे सगळ्यांसमोर काढणार. तो चिडणार, आई रडणार. आत्ता कुठे सगळं नीट चाललंय."

"नीट चाललंय ते माझ्या जिवावर चाललंय," थोरली म्हणाली. "तुम्हाला एक नग लागत होता, ज्याच्या माथी काहीही मारावं आणि वर हसावं. तो मी. आणि तू शाळेत मुलांना शिकवतेस ना खरं बोला म्हणून?"

मधलीचं तोंड उतरलं. ती निघून गेली. पण अर्ध्या तासानं चहाचा कप घेऊन परत आली, तो बाकावर ठेवला आणि म्हणाली, "बाबांनीच उघडलं असणार. ग्रीस त्यांचंच."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी काका आले. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तोपर्यंत थोरलीनं सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला होता आणि मागचं चाक जॅकवर उचलून, टॉप गिअर टाकून, हलवून पाहिलं होतं. चाक तसूभरही हललं नव्हतं.

"लाकडाचा ठोकळा लागेल ना तुला," काका म्हणाले, "पिस्टनवर ठेवून ठोकायला. लोखंडानं ठोकशील तर फुटेल."

"मी आज तुमच्याकडेच येणार होते काका, माप घेऊन."

"करून आणलाय." त्यांनी कागद सोडला. कठीण लाकडाचा गोल ठोकळा होता, रंध्यानं गुळगुळीत केलेला. थोरलीनं तो तिसऱ्या सिलिंडरवर धरला आणि सोडला. ठोकळा अंगाबरोबर आत गेला आणि पिस्टनवर टेकला. ना सैल, ना घट्ट.

ती काकांकडे बघत राहिली. "काका, माप कुणी दिलं तुम्हाला?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लाकूड नवं नाहीये हे," ती म्हणाली. "बाजू काळी पडलीय याची."

"सहा वर्षं माझ्या फळीवर होता," काका म्हणाले. मग रंगाच्या डब्यावर बसले, आणि एकदा बसल्यावर त्यांना सांगावंच लागलं.

बाबांनी फोनवर तिला झापलं त्याच्या तिसऱ्या दिवशी हेड उघडलं होतं. उचलायला काकाच होते. आत बघून बाबांनी सिलिंडरचं माप एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाले, ठोकळा कर. दुसऱ्या दिवशी काका ठोकळा घेऊन आले, तर बाबा हेड परत बसवत होते.

"मी विचारलं, सुटणार नाही का? म्हणाला, दोन दिवसांत सुटेल. मग बंद का करतोस? तर म्हणाला, सोडवलं की सगळे विचारतील कशानं बसलं होतं. मग पोरगा खोटा ठरतो. घरात नवी सून. तिच्या माहेरची माणसं त्याच आठवड्यात यायची होती." काका थांबले. "आणि फोनवर तुला बोलला होता ते त्याला गिळता येईना. तुझ्या बापाला माफी मागता येत नव्हती गं. सख्खा भाऊ मी, विहिरीच्या भांडणात माझ्याशी चार वर्षं बोलला नाही, चूक त्याची होती तरी."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? त्याचं घर, त्याची मुलगी."

"मी तुमच्या घरी आले होते काका," थोरली म्हणाली. "त्या दिवाणावर बसून रडले होते. तुम्ही मला पाणी दिलंत. हा ठोकळा तेव्हा कुठे होता? फळीवर? माझ्या डोक्यावर?"

काकांनी ठोकळ्याचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"त्यांनी पिस्टनवर तेल ओतून ठेवलं. इंजिनाला आणखी गंज चढू नये म्हणून. इंजिनाची केवढी काळजी! आणि मी सडत राहिले तर चालणार होतं."

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचा तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त संताप आला. बाबा समोर असते तर तिनं त्यांना या डब्यावर बसवून एकेक शब्द वसूल केला असता. तिनं हातोडा उचलला, ठोकळ्यावर एक मोजका ठोका घातला, मग दुसरा. रागानं ठोकलं तर पिस्टन फुटतो, एवढं भान बाबांनीच तिला दिलं होतं. काका न सांगता निघून गेले.

*

दुपारी जेवायला सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले असताना तिनं गॅस्केट आणून मधोमध ठेवलं.

"हे काय, ताटांच्यात?" धाकटा म्हणाला.

तिनं सांगितलं. गंज, कोऱ्या कडा, ग्रीस, काका. कुणाचं नाव न घेता शेवटी एवढंच विचारलं, "त्या पावसाळ्यात ट्रॅक्टर कुठे उभा होता?"

"शेडमध्ये," धाकटा ताबडतोब म्हणाला. "आणखी कुठे असणार?"

"शेडमध्ये नव्हता," धाकट्याची बायको म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती वाढायच्या डावाकडे बघत होती. "मी नवीन आले तेव्हा तो मागच्या अंगणात होता. शेडमध्ये लग्नातल्या खुर्च्या आणि गाद्या होत्या, आणि मग आपली गाडी. मला आठवतंय, कारण पावसानं उघडीप दिली की मी त्याच्यावर फडकी वाळत घालायचे. आईंनी सांगितलं होतं, तिथे ऊन लागतं."

"तू गप्प बस," धाकटा म्हणाला. "तुला यातलं काय कळतं?"

"यातलं कळत नाही, म्हणूनच इतकी वर्षं हसत होते," ती म्हणाली, आणि आता तिनं मान वर केली. "तुम्ही म्हणालात ताईंनी मोडला, मी खरं धरलं. त्यांना काय काय बोलले मी! मागच्या वेळी त्या आल्या तेव्हा मिक्सरला हात लावू नका म्हणाले होते, सगळ्यांसमोर. माझ्या लग्नाच्या खुर्च्यांसाठी बाहेर काढला होता ना तो? मग सरळ सांगायचं होतंत."

"मला काय माहीत पाण्यानं असं होतं!" धाकट्याचा आवाज चढला. "मी काय मेकॅनिक आहे? बाबांनी विचारलं, मला वाटलं वाफेनंच झालं असेल. मुद्दाम नाही केलं मी."

"मुद्दाम नाही केलंस," थोरली म्हणाली. "पण पावसाळा संपल्यावर बाबांचं प्लॅस्टर निघायच्या आत तो गुपचूप शेडमध्ये ढकलून ठेवलास. ते मुद्दाम होतं की तेही वाफेनं झालं?"

मधलीच्या तोंडून हसू फुटलं, आणि या वेळी ते धाकट्यावर होतं. त्यानं ताट सरकवलं आणि तो उठून गेला.

थोरलीनं आईकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला इंजिनातलं कळत नाही," आई म्हणाली. "माणसातलं कळतं. ते तुझ्याशी फोनवर बोलायचं टाळायला लागले, तेव्हाच कळलं की चूक तुझी नाही. तुझी असती तर रोज फोन करून बोलले असते."

"आणि तरी तू हसायचीस."

"मला या घरात रोज याच्यासमोर जेवायला बसायचं होतं." आईनं दाराकडे मान वळवली. "तू लांब होतीस. लांबच्या माणसावर ढकललं की घर शांत राहतं."

"म्हणजे मी सोयीची होते."

आईनं नाही म्हटलं नाही. तिनं म्हणावं, खोटं का होईना, असं थोरलीला फार वाटलं. पण आई गॅस्केटच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

*

शनिवारी धाकट्याची बायको शेडमध्ये आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ताई, काय धरू?"

थोरलीला तिला परत पाठवावंसं वाटलं. मिक्सर आठवला. पण बाई फडक्यानं हात पुसून तयार उभी होती, आणि एकटीनं एकाच वेळी ठोकणं आणि चाक ओढणं जमत नव्हतं.

"ही पहार चाकाच्या भोकात घाल. मी सांगितलं की खाली दाबायची. झटका नको, नुसता भार. आणि मग लगेच वर. पुढे-मागे, पुढे-मागे."

दोघी दुपारपर्यंत तेच करत राहिल्या. ठोका, भार, तेल, थांबा. घामानं डोळे चुरचुरायला लागले. धाकट्याच्या बायकोच्या तळव्याला फोड आला, तिनं त्याला चिंधी बांधली. दीडच्या सुमारास ठोक्याचा आवाज बदलला. आतापर्यंत तो भरीव, मुका यायचा. आता किंचित पोकळ आला.

"थांब," थोरली म्हणाली. तिनं पिस्टन जिथे होता तिथे भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. "आता दाब."

पहार खाली गेली. केसभर. पेन्सिलीची रेघ आणि पिस्टनची कड यांच्यात नखाएवढी फट पडली.

"हललं?" धाकट्याच्या बायकोनं कुजबुजत विचारलं, जणू मोठ्यानं विचारलं तर ते पुन्हा बसेल.

"हललं."

पुढच्या तासाभरात फट बोटाएवढी झाली, मग दोन बोटं, आणि मग एकदम चाक फिरलं. पूर्ण. तिन्ही पिस्टन आळीपाळीनं वर आले आणि खाली गेले. धाकट्याची बायको चाक फिरवत हसत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. थोरली हातोडा मांडीवर ठेवून बघत बसली. आनंद झाला होता, पण त्याच्या आतून एक कढ वर येत होता. दोन दिवसांत सुटेल, असं बाबा म्हणाले होते. तिला गंज घासल्यावर दोनच लागले. दोन दिवसांचं काम होतं हे.

संध्याकाळपर्यंत तिनं तिसऱ्या सिलिंडरची भिंत पुन्हा घासली, तळाचं तेल बदललं, शहरातून मागवलेलं नवं गॅस्केट घालून हेड बसवलं. नटांना बोटानं ग्रीस लावताना ती थबकली. मग लावलं. पद्धत बरोबर होती, माणूस कसाही असो.

रविवारी सकाळी नवी बॅटरी जोडून तिनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धापा टाकत एकाच सिलिंडरवर दहा-बारा ठोके चाललं, मग दुसरा जागा झाला, आणि शेवटी पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट सोडून तिसराही. शेडचे पत्रे थरथरले. तिनं ट्रॅक्टर अंगणात आणला आणि चालू ठेवूनच खाली उतरली.

भंगारवाला फाटकाशी आपला टेम्पो घेऊन उभा होता. त्यानं धूर पाहिला. धाकटा पुढे झाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उगाच फेरी पडली तुम्हाला. आम्ही मोकळं केलं इंजिन. चार दिवस घाम गाळला."

"आम्ही कोण?" धाकट्याची बायको व्हरांड्यातून म्हणाली. भंगारवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "तुम्ही चार दिवसांत शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही."

भंगारवाला टेम्पोत बसला आणि निघून गेला. धाकटा लाल झाला. "झालं ना आता! चालू झाला ना! आणखी काय हवंय हिला? पाया पडू?"

"पाया नको पडूस," आई म्हणाली. ती केव्हा पायऱ्या उतरून आली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हातात फोन होता. "ते बंद कर गं जरा," ती थोरलीला म्हणाली. इंजिन बंद झालं. आईनं नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि धाकट्यापुढे धरला. "तुझी आत्या आहे. ताईनं इंजिन मोडलं असं सगळ्या नात्यात तिनंच सांगितलं होतं. आता हेही तिनंच सांगू दे. बोल."

"आई, हे काय..."

"बोल."

"आत्या," धाकटा म्हणाला. "मी बोलतोय. ते ट्रॅक्टरचं सांगायचं होतं."

"कुठला ट्रॅक्टर रे?" आत्या म्हणाली.

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. जी गोष्ट तिनं सहा वर्षं छातीवर वागवली, ती सांगणारीच्या लक्षातही नव्हती.

"कुठला ते सांग तिला," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. लग्नापासून."

धाकट्यानं सांगितलं. अडखळत, मध्ये मध्ये आईकडे बघत. खुर्च्या सांगितल्या, गाडी सांगितली. "मग तो पावसात राहिला," तो म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "राहिला नाही, ठेवला." त्यानं ते सुधारून घेतलं. शेडमध्ये परत ढकलल्याचं तो गाळू पाहत होता, तर मधली म्हणाली, "एक ओळ राहिली." तीही त्यानं सांगितली. आणि सगळ्यात शेवटी, जमिनीकडे बघत, "ताईची चूक नव्हती. मी खोटं बोललो."

"अगं बाई," आत्या म्हणाली. "पण मग पोरीनं तेव्हाच तोंड उघडायचं की! सहा वर्षं गप्प कशाला बसली?"

अंगणातल्या सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. मधलीनं, आईनं, धाकट्यानं. तिला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसलं, हा प्रश्न त्यांनाही खराच वाटत होता.

ती फोनजवळ आली.

"गप्प नव्हते मी, आत्या," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांना सांगितलं, यांना एकेकाला सांगितलं, काकांच्या घरी जाऊन सांगितलं. तुलाही फोन केला होता. तू म्हणालीस, जाऊ दे गं, किती मनाला लावून घेशील."

आई फोन धरून तशीच उभी होती. थोरली ट्रॅक्टरवर चढली आणि किल्ली फिरवली. या वेळी इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तिनं क्लच दाबला, गिअर टाकला. वाटेत उभा असलेला धाकटा बाजूला झाला, मग आई झाली. फाटकातून बाहेर पडताना तिला दिसलं, आई फोन कानाला लावून "काय? काय?" करत होती, आत्या अजून काहीतरी विचारत असावी. पण तिन्ही सिलिंडरच्या आवाजात तिला काही ऐकू येत नव्हतं.